सगळ्यांनी वाचलं, पण कोणीच काही बोललं नाही

"मी मनातलं लिहिलं, सगळ्यांनी वाचलं आणि कोणीच काही बोललं नाही." गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की समोरची व्यक्ती अडखळू लागली की पुढचे शब्द मला आधीच कळतात. बोलणारे मात्र दर वेळी निराळे असतात. मडगावच्या बँकेत काम करणाऱ्या तरुणाने बढती हुकल्याचे मित्रांच्या ग्रुपवर कळवले, तर त्यावर दोन हसरे चेहरे उमटले. डिचोलीच्या एका निवृत्त शिक्षिकेने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची भीती नातेवाइकांच्या ग्रुपवर बोलून दाखवली, तर त्यांना सुविचार लिहिलेले एक चित्र मिळाले. या मंडळींना मूळ अडचणीपेक्षा न आलेले उत्तर अधिक झोंबत असते. ते सांगताना त्यांना थोडी लाजही वाटते, कारण एवढ्याशा गोष्टीसाठी समुपदेशकाकडे यावे का, असा संकोच मनात असतो. माझ्या मते ही एवढीशी गोष्ट नाही. आपण कोणाला महत्त्वाचे आहोत की नाही, हा प्रश्न तिच्याआड दडलेला असतो आणि त्याचे उत्तर माणूस फोनच्या पडद्यावर शोधत बसतो.

यासंबंधात फोंडा तालुक्यातील एका गृहिणीची हकिकत सांगावीशी वाटते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि तिला आपण शुभाताई म्हणू. वय पंचेचाळिशीच्या आसपास, यजमान बोटीवर नोकरीला असल्यामुळे वर्षातले बरेच महिने समुद्रावर, मुलगा बारावीत, आणि घरात कंबरेचे हाड मोडल्यानंतर जेमतेम चालू लागलेल्या सासूबाई. दहावीच्या वर्गमैत्रिणींचा त्यांचा व्हॉट्सअॅपवर एक मोठा ग्रुप होता. चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीचे फोटो, पावसात गेलेली वीज, मुलांचे निकाल, मासळीचे चढलेले भाव, कोणाच्या तरी सुनेचे डोहाळजेवण असे सगळे त्यावर चालत असे. शुभाताई त्यात हौसेने भाग घेत आणि कोणाचाही वाढदिवस चुकवत नसत.

जुलैमधल्या एका रात्री सासूबाई न्हाणीघरात पुन्हा पडल्या. शेजाऱ्यांना उठवून त्यांना उचलले, डॉक्टरांना फोन झाला, मुलाला झोपवले आणि मध्यरात्र उलटल्यावर शुभाताईंनी ग्रुपवर लिहिले, "आज फार थकले गो. कधी कधी वाटतं, सगळं टाकून कुठेतरी निघून जावं." सकाळी सहा वाजता त्याखाली फुलांचे चित्र आले, सात वाजता एकीच्या मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाल्याची बातमी आली आणि दुपारपर्यंत अभिनंदनाची रांग लागली. आपला मेसेज कोणी कोणी वाचला याची यादी त्या दिवसभर उघडून पाहत राहिल्या. ग्रुपमध्ये निळ्या खुणा सर्वांनी वाचल्याखेरीज दिसत नाहीत. पण वाचणाऱ्यांची नावे मात्र एकेक करून दिसतात, आणि ग्रुपपुरती ही सोय बंदही करता येत नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात या निळ्या खुणा आल्या, तेव्हापासून माणसाच्या शंकेला पुरावा मिळू लागला, असे मला अनेकदा वाटते. शुभाताईंकडे तर नावानिशी यादीच होती.

"कुठेतरी निघून जावं" म्हणजे नेमके काय, हे मी पहिल्याच भेटीत स्पष्ट शब्दांत विचारून घेतले. जीव द्यावासा वाटतो का, हा प्रश्न विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. शुभाताई क्षणभर बघतच राहिल्या आणि म्हणाल्या, "नाही हो मॅडम. पेडण्याला आईकडे दोन दिवस जावं, एवढंच." ते ऐकून मी निश्चिंत झाले आणि आम्ही मूळ विषयाकडे वळलो.

सुरुवातीच्या भेटींत त्यांचा राग ऐकून घेणे एवढेच माझे काम होते. त्यांचा निष्कर्ष पक्का झालेला होता. "मी यांच्यासाठी इतकं करते आणि यांना माझं काहीच नाही. यांनी विचारायलाच हवं होतं." हे "हवंच होतं" मी मनात टिपून ठेवले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा पिंड पोसलेला आहे आणि तिच्याहून अधिक उपयोगी पद्धत मी अजून तरी पाहिलेली नाही. मैत्रिणींनी चौकशी करावी ही इच्छा अगदी रास्त असते, पण त्यांनी ती केलीच पाहिजे अशी मागणी झाली की न आलेल्या उत्तराचा अर्थ अपमान असाच होतो. ही गोष्ट समोरच्याला सिद्धांत म्हणून ऐकवली तर मात्र ती उपदेशासारखी लागते, म्हणून मी वाट पाहिली.

एका भेटीत मी विचारले, "अलीकडे ग्रुपवर दुसऱ्या कोणी काही दुःखाचं लिहिलं होतं का?"

थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "हो. एकीच्या यजमानांची नोकरी गेली, तिनं लिहिलं होतं."

"तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"मी तेव्हा फोंड्याच्या बसस्टँडवर होते. म्हटलं, घरी जाऊन नीट लिहीन. मग काय लिहावं ते सुचेना. तिला वाईट वाटेल असं काही जायला नको म्हणून…" त्या थांबल्या. "राहूनच गेलं."

"तुम्हाला तिचं काहीच वाटलं नव्हतं?"

"वाटलं नव्हतं कसं? रात्रभर तिचाच विचार करत होते."

या ठिकाणी मी त्यांना एक जुना प्रयोग सांगितला, जो मी अनेकांना सांगते. जॉन डार्ली आणि बिब लाताने या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तो १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून, महाविद्यालयीन जीवनातल्या रोजच्या अडचणींवर ध्वनिक्षेपकातून आपसांत बोलायला सांगितले होते. एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते, फक्त आवाज ऐकू येत होता. त्यातल्या एका आवाजाला मध्येच झटका येऊ लागतो, तो मदत मागतो. प्रत्यक्षात ते आधीच ध्वनिमुद्रित केलेले होते. हे आपण एकटेच ऐकत आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी ८५ टक्के जण झटका संपण्याआधी मदतीसाठी बाहेर आले. आणखी चार जण ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी मात्र ३१ टक्केच आले. मला यातला पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. जे उठले नाहीत ते बेफिकीर नव्हते. संशोधक खोलीत गेले तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम आला होता आणि "तो बरा आहे ना?" असे ते विचारत होते.

"म्हणजे बसस्टँडवरची मी," शुभाताई म्हणाल्या. मला त्यात काही भर घालावी लागली नाही.

तरीही खरी गाठ अजून सुटली नव्हती. मैत्रिणी दुष्ट नाहीत हे पटल्याने राग उतरला होता, पण एकटेपणा होता तिथेच होता. पुढच्या एका भेटीत मी तो प्रश्न विचारला, जो विचारायची घाई मी केली नाही याचे मला आजही समाधान वाटते. "त्या रात्री मेसेज लिहिताना तुमच्या डोळ्यांसमोर कोणाचा चेहरा होता?"

"ग्रुपवरच्या सगळ्यांचा."

"सगळ्यांचा चेहरा डोळ्यांसमोर येत नाही."

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. बाहेर पाऊस लागला होता आणि त्या ओढणीच्या टोकाला गाठ मारत, सोडत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "नलूचा." ही नलू म्हार्दोळला राहणारी, शाळेत चौथीपासून एका बाकावर बसणारी मैत्रीण. लग्नानंतरही दोघींचे येणे-जाणे होते, मग मुलांच्या शाळा, नलूची नोकरी आणि कधीतरी झालेला एक लहानसा गैरसमज यांत ते विरळ होत गेले होते.

"मग नलूलाच का लिहिलं नाही?"

"तिला लिहिलं असतं आणि तिनं उत्तर दिलं नसतं, तर?" हे बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. इतक्या भेटींत त्या पहिल्यांदाच रडत होत्या.

सर्वांना सांगण्यामागे पुष्कळदा ही भीती असते, हे मला त्या दिवशी फार स्वच्छ दिसले. एका माणसाकडे काही मागितले तर नकाराची शक्यता असते. साठ जणींना सांगितले की कोणालाच विचारल्यासारखे होत नाही, त्यामुळे कोणाचा नकारही येत नाही. पण कोणालाच विचारलेले नसल्यामुळे, हे आपल्याला उद्देशून आहे असेही कोणाला वाटत नाही. आपण स्वतःला नकारापासून वाचवतो आणि त्याच युक्तीने आधारापासूनही वंचित ठेवतो. त्या साठ जणींच्या गप्प बसण्यात शुभाताईंना जो नकार ऐकू आला, तो त्यांना नलूकडून येईल असे वाटत होते आणि म्हणूनच तो इतका खोल रुतला होता.

आम्ही मिळून नलूसाठी एक मेसेज तयार केला. पहिल्या मसुद्यात खुशाली, चवथीची चौकशी आणि शेवटी "बाकी काय, चाललंय आपलं" असे होते. दुसऱ्यात उरले ते एवढेच : "नलू, मला तुझ्याशी बोलायचंय. उद्या रात्री नऊनंतर पंधरा मिनिटं मिळतील का? सल्ला नको, नुसतं ऐक." उत्तर आले नाही तर त्याचे कोणकोणते अर्थ होऊ शकतात, हेही आम्ही आधीच बोलून ठेवले, आणि सर्वांत वाईट अर्थ खरा निघाला तरी ते दुःख मोठे असेल पण सोसण्यापलीकडचे नसेल, इथपर्यंत शुभाताई स्वतःच्या पायांनी चालत आल्या.

नलूचे उत्तर दोन दिवसांनी आले. ते दोन दिवस शुभाताईंनी कसे काढले हे त्यांनी मला सविस्तर सांगितले, आणि त्यात अर्ध्या वाटेवर परत रागही आला होता. मग फोन झाला, पंधरा मिनिटांचा तासभर झाला. जुलैतल्या त्या मेसेजबद्दल नलू म्हणाली, "मी तेव्हाच वाचलं होतं गो. पण तुझ्या वाड्यावरच दोघी जणी राहतात ना? त्या आल्या असतील असं वाटलं." वाड्यावरच्या त्या दोघींना काय वाटले असेल ते सांगण्याची गरज नाही. दोघी मैत्रिणींमधला जुना गैरसमज त्या फोनमध्ये निघाला नाही. तो निघायला हवा असे मला वाटते, पण केव्हा, ते त्या ठरवतील. सासूबाईंचे करणे अजून शुभाताईंकडेच आहे आणि दर महिन्याला दोन दिवस पेडण्याला जाण्याची सोय मात्र त्यांनी नणंदेशी बोलून लावून घेतली. ही मागणीसुद्धा तोवर त्यांनी कोणा एकाकडे केलेली नव्हती.

हाच प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी सांगते ते थोडक्यात असे. ग्रुप ही हलक्याफुलक्या चढ-उतारांची जागा आहे आणि त्यासाठी ती उत्तमच आहे. वीज गेली, सोलकढी बिघडली, मुलाने पहिल्यांदा भात रांधला, हे तिथे जरूर लिहावे. जड गोष्ट मात्र एका नावाने लिहावी आणि त्यात आपल्याला काय हवे तेही लिहावे : ऐकून घेणे, सल्ला, की सोबत येणे. वाचणाऱ्याला नेमके काय करायचे ते कळले की तो बहुधा करतो. ग्रुपवरच लिहायचे असेल तरी "नलू, तू उद्या येशील का?" असे नाव घालून लिहिलेले वाक्य निनावी उसाशापेक्षा कितीतरी लवकर उत्तर मिळवते.

मात्र त्या एका मैत्रिणीशी रोज रात्री तेच दुःख उगाळत बसणे, हाही उपाय नव्हे. मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. अडचणींवर पुन्हा पुन्हा बोलत राहणाऱ्या मैत्रिणी एकमेकींच्या अधिक जवळ असतात, पण त्यांच्यात उदासी आणि चिंताही अधिक दिसते, असे त्यांना आढळले. त्या मुली होत्या, पण मोठ्या बायकांतही मला हेच दिसते. सांगून झाल्यावर "मग उद्या काय करायचं?" हे एक वाक्य दोघींपैकी कोणीतरी उच्चारले पाहिजे.

आनंदाच्या बातमीकडेही थोडे लक्ष द्यावे, कारण ग्रुपवरची मैत्री तिथेही पातळ होत जाते. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिले की आपल्या चांगल्या बातमीला जोडीदार उत्साहाने, रस घेऊन दाद देतो असे ज्यांना वाटते, त्यांच्या नात्यात समाधान अधिक असते. अंगठा दाखवून मोकळे होण्याऐवजी "कुठल्या कॉलेजात? कधीपासून?" असे एक वाक्य विचारायला कितीसा वेळ लागतो?

आणि वाचणाऱ्यांसाठी एक सूचना, जी मी आग्रहाने करते. कोणी ग्रुपवर जगण्याचा कंटाळा आला, आपल्यावाचून कोणाचे अडणार नाही अशा अर्थाचे काही लिहिले, तर इतर कोणी विचारले असेल असे गृहीत धरू नये. ग्रुपवर उत्तर न देता त्या व्यक्तीला थेट फोन करावा, जीव द्यावासा वाटतो का हे सरळ विचारावे, आणि उत्तर होकारार्थी असेल तर तिला एकटे न सोडता घरातल्या कोणाला तरी कळवावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या केंद्र सरकारच्या टेलि-मानस या फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत असून दिवसरात्र चालतो. प्रत्यक्ष उपचारांसाठी गोव्यात बांबोळीचे सरकारी मनोरुग्णालय आहे. तिथे जायला लाज वाटते असे कोणी म्हणाले, तर सोबत जावे.