‘ग्राहक’ की ‘ग्राही’?

हाडांच्या ठिसूळपणावरील एका लेखात ‘पूर्वगामी पेशींवरील ग्राहक त्या पेशींना हाडाकडे किंवा चरबीकडे वळवतात’ असे वाक्य आले असून, त्यात रिसेप्टर (संदेश देणारे रेणू ज्याला येऊन जुळतात, ते पेशीचे प्रथिन) या अर्थी ‘ग्राहक’ योग्य की ‘ग्राही’, अशी पृच्छा आहे.

व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही रूपे शुद्ध आहेत. दोन्ही ‘ग्रह्’ या धातूपासून सिद्ध होतात, आणि ‘गुणग्राही’ व ‘गुणग्राहक’ मराठीत सुखाने एकत्र नांदतात. तरीही मी येथे ‘ग्राही’च लिहीन, कारण सुटा ‘ग्राहक’ म्हटला की मराठी माणसाला दुकान, पावती आणि तक्रार निवारण आयोग आठवतो. ‘ग्राही’लाही एक जुना अर्थ चिकटलेला आहे, तो म्हणजे आयुर्वेदातील मळ बांधणारे द्रव्य, जसे सुंठ किंवा जिरे, परंतु पेशींच्या संदर्भात त्याने घोटाळा होण्याचा संभव नाही. रिसेप्टर या शब्दामागचा लॅटिन धातूही घेण्याचाच असल्याने अर्थाची नाळ तुटत नाही.

माझ्या मते त्या वाक्यातील खरी चूक नामात नसून ‘वरील’ या शब्दात आहे. अस्थिमज्जेत अशा काही पेशी असतात, की ज्यांच्यापासून हाड घडवणाऱ्या पेशीही तयार होतात आणि मेद साठवणाऱ्याही. त्यांना मेदाकडे नेण्यात ज्याचा वाटा सर्वांत मोठा, तो ‘पीपार-गॅमा’ नावाचा ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर नसतोच. तो केंद्रकात असतो आणि मेदाम्लांसारखे रेणू त्याला येऊन जुळले की डीएनएवरील ठरावीक जनुकांना चालना देतो. मधुमेहावरील पायोग्लिटाझोन हे औषध याच ग्राहीला चेतवते, आणि ते घेणाऱ्या स्त्रियांमध्ये अस्थिभंगाचे प्रमाण वाढलेले आढळले आहे. याउलट ‘एलआरपी-५’ हा ग्राही खरोखरच पेशीच्या आवरणावर असतो व ‘डब्ल्यूएनटी’ या प्रथिनांचा संदेश आत पोहोचवतो. त्या संदेशाने पेशीचा कल हाडाकडे झुकतो आणि पीपार-गॅमाला लगाम बसतो. ‘एलआरपी-५’चे जनुक निकामी असलेल्या मुलांची हाडे ठिसूळ होतात आणि दृष्टीही जाते, हे २००१ मध्ये उघड झाले. एक ग्राही आत आणि एक बाहेर असताना ‘पेशींवरील’ म्हणणे अपुरे आहे. ‘पेशींमधील’ म्हटल्यास दोन्ही सामावतात.

‘पूर्वगामी’विषयी थोडेच सांगतो. तो शब्द आधी होऊन गेलेल्याचा बोध करतो, तर या पेशी अजून काहीतरी व्हायच्या आहेत. तेव्हा ‘पूर्वावस्थेतील पेशी’ म्हणणे बरे. वाक्य असे होईल : ‘पूर्वावस्थेतील पेशींमधील ग्राही त्यांना अस्थिपेशी किंवा मेदपेशी होण्याकडे वळवतात.’ मूळ वाक्यात ‘हाड’ व ‘चरबी’ होते, तेही चालेल. मात्र ‘अस्थी’ आणि ‘चरबी’ असा संकर टाळावा.

याच लेखात पुढे नुसते ‘मज्जा’ आले असेल, तर तेथे ‘अस्थिमज्जा’ असा पूर्ण शब्दच लिहावा. कारण ‘मज्जातंतू’ आणि ‘मज्जासंस्था’ यांच्या सवयीने मराठी वाचक एकट्या ‘मज्जे’वरून थेट मेंदूकडे वळतो.