मागावरची फणी काढून पाहिली तर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. इंटरमिजिएटची परीक्षा झाल्यापासून तू रोज मोबाईलवर जगभरच्या चित्रकारांचे आणि डिझायनरांचे काम पाहतेस, आवडलेले जपून ठेवतेस, आणि तरीही अलीकडे कागद समोर घेतला की हात उचलत नाही, असे तू लिहिले आहेस. याचे कारण तू गावावर ठेवले आहेस. पवनीच्या बाजूच्या खेड्यात ना कलादालन, ना प्रदर्शन, ना या विषयावर बोलायला कुणी, मग आजच्या कलेतून प्रेरणा घ्यायची तरी कशी, हा तुझा प्रश्न आहे. मला तो महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मोबाईलवर तुला कामाचा शेवट दिसतो. तो करणाऱ्याने कोणत्या क्षणी काय ठरवले आणि काय टाकून दिले, हे त्यात दिसत नाही, आणि शिकण्यासारखे असते ते नेमके तेवढेच. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म 1924 साली आपल्या नागपुरात झाला. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. त्यांचे चित्र मोबाईलवर पाहिले तर पिवळा किंवा करडा चौकोन आणि त्यात काही अस्पष्ट आकार, एवढेच हाती लागते. प्रत्यक्षात त्यांनी रोलरने रंगाचे थर दिलेले असतात, सुरीने ते खरवडलेले असतात, कागदाचे तुकडे दाबून उचललेले असतात, आणि खालच्या थराचा उजेड वरच्या थरातून येत राहतो. हे ठाऊक नसताना त्यांच्यासारखे काही करायला बसलीस, तर तुझ्याकडून पिवळा चौकोनच होईल. म्हणून यापुढे एखादे काम तुला ओढून घेईल तेव्हा ते कशाचे आहे, केवढे मोठे आहे, कोणत्या क्रमाने झाले आणि करणाऱ्याने त्यात काय करायचे नाही असे ठरवले होते, हे आधी शोधून वहीत लिहून ठेव. महिन्यात असे एकच काम झाले तरी पुष्कळ झाले.

आता ज्या कलावतीसाठी हे पत्र मुख्यतः लिहायला घेतले, तिच्याकडे येतो. मुंबईच्या मोनिका कोरिया गेली अनेक दशके हातमागावर चित्रासारखी वस्त्रे विणत आल्या आहेत. तुझ्या घरात माग असल्यामुळे फणीचे काम तुला सांगायला नको: उभे धागे सारख्या अंतरावर धरून ठेवायचे आणि प्रत्येक आडवा धागा ठोकून जागेवर बसवायचा. कोरियाबाईंनी मागाची रचना अशी करून घेतली की विणता विणता ही फणी काढून ठेवता येईल. फणी निघाली की उभे धागे मोकळे होतात, आपली सरळ वाट सोडून कुठे जवळ येतात, कुठे दूर जातात, आणि कापडात वळणे घेणाऱ्या रेषा उमटतात. शेकडो वर्षे विणकराने जी शिस्त पाळली, तिचा एकच दुवा त्यांनी समजून-उमजून सैल केला. बाकी सगळे, म्हणजे ताणा (उभे धागे), बाणा (आडवे धागे), हाताची लय, जसेच्या तसे ठेवले. तुला घ्यायचे असेल तर हे घे. त्यांच्या वस्त्रातल्या रेषा उतरवून घेण्यात काही अर्थ नाही. विणकामाचा कुठला नियम सैल केल्यावर कापड बोलू लागते, हे त्यांना कसे सुचले असेल, याचा विचार मात्र अनेक दिवस करण्यासारखा आहे. फणी हलवण्याआधी फणी काय करते, हे त्यांना पुरेपूर माहीत होते.

कर्नाटकातल्या शीला गौडा यांचे कामही याच दृष्टीने पाहा. 1998 च्या सुमारास त्यांनी लांबच लांब धागे एकेका सुईच्या नेढ्यातून ओवून घेतले, ते एकत्र करून त्यांचे दोर केले आणि त्या दोरांना कुंकवाचा लाल रंग चढवला. सुई, दोरा, कुंकू या वस्तू तुझ्या आईच्या फडताळात आहेत. मृणालिनी मुखर्जी यांनी तर माग आणि सुई दोन्ही बाजूला ठेवून, वनस्पतीच्या तंतूंच्या दोराला हाताने गाठी मारत माणसापेक्षा उंच मूर्ती उभ्या केल्या.

तुझ्या पत्रातल्या एका बेतावर मात्र मला स्पष्ट बोलले पाहिजे. कॉलेजच्या प्रवेशासाठी आपल्याकडच्या साडीच्या करवती काठाची, म्हणजे करवतीसारखे दाते असलेल्या काठाची, नक्षी पिशव्यांवर आणि कपांवर रंगवून दाखवावी, आणि जोडीला 'गोंड शैली'ची काही चित्रे ठेवावीत, असे तुझ्या मनात आहे. दोन्ही गोष्टी करू नयेस असे मला वाटते. करवतीचे दाते तुमच्या मागावर नक्षी म्हणून काढले जात नाहीत. साडीच्या अंगाचा कोसा, म्हणजे टसर रेशीम, आणि काठाचे सूत आडवा धागा आरपार नेणाऱ्या वेगवेगळ्या धोट्यांवरून येते, ते दोन बाणे एकमेकांत अडकतात, आणि त्या सांध्यावरच दाते उभे राहतात. दोन वेगळ्या जातीचे धागे कापडात जोडायचे कसे, या अडचणीला तुझ्या पूर्वजांनी शोधलेले ते उत्तर आहे. कपावर रंगवल्यावर त्यातली अडचणही जाते आणि उत्तरही जाते. त्यापेक्षा त्या सांध्याची मोठी, अचूक रेखाटने कर. कोणता धागा कोणाच्या खालून जातो ते दाखव. निवड करणाऱ्या शिक्षकांना त्यातून तुझी नजर दिसेल.

गोंड चित्रांचे म्हणशील, तर जनगडसिंह श्याम हे पाटनगडच्या परधान गोंड घरातले. 1980 नंतर चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात आणले, आणि 1989 मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांचे काम लागले. भिंतीवरून कागदावर येताना त्यांनी ठिपक्यांची आणि बारीक रेषांची जी घडण केली, तिला आज सगळे सरसकट 'गोंड शैली' म्हणतात. पण ती एका कलावंताने कष्टाने घडवलेली आणि त्याच्या नात्यागोत्यातल्या चित्रकारांनी आपापल्या परीने पुढे नेलेली आहे. आपण ती उचलणे मला न्यायाचे वाटत नाही. शिवाय तुझा त्यात फायदाही नाही, कारण त्या रेषेमागची गोष्ट तुझ्याकडे नाही आणि मागाची आहे.

चित्रकार व्हावे की डिझायनर, हे आत्ता ठरवू नकोस. अकोल्यात जन्मलेले अंबादास खोब्रागडे 1963 साली दिल्लीत 'ग्रुप 1890' या कलावंतांच्या गटाच्या प्रदर्शनात होते आणि पुढे नॉर्वेत स्थायिक झाले. अमूर्त चित्रकलेत त्यांचे नाव मोठे आहे. त्यांनी आणि चित्रकार प्रभाकर बरवे यांनी अनेक वर्षे सरकारच्या विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. दिवसा विणकरांसाठी नमुने करायचे आणि उरलेल्या वेळात स्वतःची चित्रे. या नोकरीने त्यांच्या चित्रांचे काही बिघडवले, असे मला त्यांच्या कामात कुठेही दिसत नाही. असे केंद्र नागपुरातही आहे. तुझे बाबा कामानिमित्त नागपूरला जातील तेव्हा त्यांच्यासोबत जा आणि तिथले नमुने हातात घेऊन बघ. गाठीशी आणखी एक दिवस असेल तर वर्ध्याचे मगन संग्रहालय आणि तिथून सेवाग्राम कर. तिथल्या बापू कुटीच्या, म्हणजे गांधीजींच्या झोपडीच्या, भिंतीवर त्यांच्या शिष्या मीराबेनने मातीतच उठवलेली ताडाची झाडे बघ. इव्हान इलिच हे विचारवंत 1978 मध्ये तिथे आले असता त्या कुटीत बसून राहिले आणि त्या साधेपणातून आपल्याला काय उमगले, ते त्यांनी तिथल्याच सभेत सांगितले. घर कशाने घर होते, या प्रश्नावर डिझाइनच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगला धडा विदर्भात तरी मला माहीत नाही.

आता प्रत्यक्ष काम. बाबांच्या चालू मागाला हात लावायचा नाही. त्यावरच्या साडीवर तुमचे घर चालते, आणि आजच्या दिवसांत कोसा विणून घर चालवणे किती कठीण झाले आहे ते तू माझ्यापेक्षा अधिक जाणतेस. साडी उतरल्यावर ताण्याचा जो तुकडा उरतो, तो मागून घे. लाकडाच्या चौकटीला दोन बाजूंनी खिळे मारून त्यावर तो ताण. पहिला नमुना अगदी नियमाने विण. दुसऱ्यात एकच नियम मोड: अंतर सोड, किंवा बाणा अर्ध्यातून परत फिरव, किंवा कोशाच्या जोडीला दुसराच धागा घाल, मग तो सुतळीचा असो की खताच्या पोत्याचा. एका नमुन्यात एकच बदल, म्हणजे कशामुळे काय झाले ते तुला कळेल. काम सकाळी कर. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याखाली धागाही कोरडा होऊन तुटतो आणि माणसाचे लक्षही. बाबांना शेजारी बसवून प्रत्येक नमुना दाखव आणि ते काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे. ते रागावले तर तेही लिही, कारण कुठल्या जागी रागावले यावरून कोणता नियम खरा महत्त्वाचा आहे ते समजेल.

पोळ्यापर्यंत जेवढे नमुने होतील तेवढे, फसलेलेसुद्धा, वहीसकट माझ्याकडे पाठव. फोटो नकोत, कापड मला हातात घेऊन, उलटे करून पाहायचे आहे.

घरी सर्वांना नमस्कार सांग. कळावे.

तुझे सर