गटात ‘मोर्चा काढू’ आणि ‘स्वतः काही उभारू’ असे दोन तट पडलेत. कोणाचं खरं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या गटात अर्ध्या लोकांना धरणं, मोर्चे, घेराव हवेत आणि उरलेल्यांचं म्हणणं असं की नुसत्या ‘मुर्दाबाद’ने काही होत नाही, आपणच काहीतरी चांगलं उभारून दाखवू. मी दोन्हीकडे वावरलोय, त्यामुळे हा वाद चांगला ओळखीचा आहे. पहिला तट दुसऱ्याला ‘एनजीओवाले’ म्हणतो, दुसरा पहिल्याला ‘घोषणाबाज’. पुढे पुढे मुद्दा बाजूला राहतो आणि स्वभावांचीच मारामारी सुरू होते.

माझ्या मते आधी एवढंच ठरवा, की तुम्हाला जे हवंय त्याची किल्ली कोणाकडे आहे. कायदा, जमीन, परवाना, मजुरीचा दर असं काही दुसऱ्याच्या मुठीत असेल तर तुम्ही कितीही सुंदर पर्याय उभारा, मूठ उघडणार नाही. आणि कोणीच अडवलेलं नसेल, आपण हलत नाही म्हणूनच काम अडलं असेल, तर मोर्चा कोणावर नेणार? बहुतेक ठिकाणी मात्र दोन्हींची सरमिसळ असते, आणि गंमत तिथेच आहे.

अमेरिकेतल्या माँटगोमेरीचा बस-बहिष्कार घ्या. डिसेंबर १९५५ मध्ये बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंना अटक झाली आणि शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसमध्ये पाय ठेवायचा नाही असं ठरवलं. सगळ्यांना आठवतात ती मार्टिन ल्यूथर किंग यांची भाषणं. पण माणसं ३८१ दिवस कामावर गेली कशी? बरेच जण चालत गेले. बाकीच्यांसाठी सुमारे ३०० गाड्यांची वाहतूक व्यवस्था उभी राहिली. त्यात स्वयंसेवकांच्या गाड्या होत्या, चर्चच्या नावावर घेतलेल्या गाड्या होत्या, चढण्या-उतरण्याच्या जागा ठरलेल्या होत्या, कोणाला कुठून घ्यायचं हे बघणारी माणसं होती. गाड्यांचे विमे रद्द होऊ लागले तेव्हा थेट लंडनच्या लॉइड्समधून विमा मिळवला. पैसा लागायचा, तो उभा करणाऱ्यांत जॉर्जिया गिलमोर होत्या. त्या आणि त्यांच्या मैत्रिणी घरी केलेले पदार्थ विकून दर आठवड्याला रक्कम आणून देत. (व्यासपीठावर कोण आणि हिशेबाच्या वहीशी कोण, हा प्रश्न तुमच्याही गटात असणारच. तटांच्या मुळाशी पुष्कळदा तोच असतो.)

किंग यांच्यावर खटला भरला गेला, त्यांना दोषीही ठरवलं गेलं, तरी बहिष्कार चालूच राहिला. मग शहर न्यायालयात गेलं ते ही गाड्यांची व्यवस्थाच बंद पाडायला. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी तसा मनाईहुकूम मिळालाही. नेमका त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल कायम केला. गाड्या नसत्या तर बहिष्कार महिनाभर तरी टिकला असता का, मला शंका आहे. आणि बहिष्कार नसता तर त्या गाड्या म्हणजे परोपकारी मंडळींची एक प्रवासी सोय झाली असती, बसमध्ये पुढची बाकं गोऱ्यांसाठी तशीच राखीव राहिली असती.

रचनेची बाजू घेणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा मला गुजरातमधल्या बारडोलीचा वाटतो. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरानंतर गांधीजींनी बारडोलीचा नियोजित कायदेभंग थांबवला आणि कार्यकर्ते खादी, शाळा, दारूबंदी, अस्पृश्यतानिवारण अशा कामाला लागले. लढाऊ मंडळींना तो पळपुटेपणा वाटला होता. पण पुढे सरकारने त्याच तालुक्याचा शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला आणि १९२८ मध्ये त्याविरुद्ध लढा उभा राहिला तेव्हा वल्लभभाई पटेलांना आश्रम तयार मिळाले, गावोगावची ओळख तयार मिळाली, जप्तीच्या वेळी कोण डगमगेल याचा अंदाजही तयार मिळाला. शेवटी सरकारच्याच चौकशी अधिकाऱ्यांनी वाढ सहा टक्क्यांच्या आसपास असावी असं म्हटलं. इतकी वर्षं चरखा आणि शाळा चालवणाऱ्यांवर लोकांचा विश्वास बसला होता, म्हणून जमीन जप्त होत असतानाही सारा भरू नका हे त्यांचं म्हणणं शेतकऱ्यांनी ऐकलं. परक्या वक्त्याच्या एका सभेने ते झालं नसतं.

तरीही उभारणीवाल्यांच्या गळ्यात मी हार घालणार नाही. कारण उभारलेल्या गोष्टीला स्वतःचा जीव असतो आणि तो वाचवायची धडपड सुरू होते. इमारत झाली, नोंदणी झाली, अनुदान आलं, चार जणांचे पगार सुरू झाले, की ‘आत्ता नको, प्रकल्प अडचणीत येईल’ हे वाक्य बैठकीत ऐकू येऊ लागतं. ते बोलणारा भित्रा असतो असं नाही. त्याच्याकडे गमावण्यासारखं काहीतरी आलेलं असतं, आणि समोरच्याला ते बरोबर कळतं.

दुसरा धोका आतून. इंग्लंडमधल्या रॉचडेलला १८४४ मध्ये २८ जणांनी सहकारी दुकान काढलं, तिथून आधुनिक सहकाराची सुरुवात धरतात. त्याच मंडळींच्या पुढाकाराने १८५४ मध्ये सहकारी गिरणी निघाली. नफ्यातला वाटा कामगारांना मिळायचा. गिरणी चालली, नवे भागधारक आले, आणि १८६२ पर्यंत त्यांनी बहुमताने तो वाटा बंद करून टाकला. गिरणी राहिली, पर्याय संपला. कोणी शत्रू लागला नाही.

म्हणून मी एक ओबडधोबड कसोटी लावतो: तुमच्या पर्यायामुळे कोणाच्या पोटात दुखतंय का? अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाने १९६९ मध्ये शाळकरी मुलांना सकाळचा मोफत नाश्ता द्यायला सुरुवात केली. बंदुका घेऊन फिरणारा पक्ष म्हणून त्यांचा बोभाटा, पण एफबीआय या सरकारी तपास संस्थेचे प्रमुख एडगर हूवर यांनी त्याच वर्षी लिहून ठेवलं की हा नाश्ता हेच त्यांचं सर्वांत प्रभावी काम आहे आणि म्हणून संभाव्य धोकाही सर्वांत मोठा. उलट तुमच्या कामाचं उद्घाटन करायला तेच साहेब हौसेने येत असतील ज्यांच्या धोरणामुळे प्रश्न निर्माण झाला, तर जरा थबका. काम वाईट आहे असं नाही. आजारी माणसाला औषध मिळणं चांगलंच. फक्त त्याला आंदोलन म्हणू नका.

‘संघर्ष और निर्माण’ ही घोषणा कामगार नेते शंकर गुहा नियोगींनी छत्तीसगडच्या खाणकामगारांत रुजवली. तिथल्या दल्ली राजहरा या खाणींच्या गावात १९७७ च्या पोलीस गोळीबारात मारल्या गेलेल्या कामगारांच्या स्मरणार्थ युनियनने १९८३ मध्ये शहीद हॉस्पिटल सुरू केलं, तेही कामगारांच्या पैशांतून आणि श्रमांतून. तिथे पैसा सभासदांचा असल्यामुळे मालकाशी भांडताना रुग्णालयाचं काय होईल ही टांगती तलवार नव्हती. १९९१ मध्ये नियोगींची हत्या झाली, रुग्णालय मात्र चालू राहिलं. तुमच्यातल्या उभारणीवाल्यांना एवढं जरूर विचारा: पैसा कोणाकडून येणार, आणि देणारा नाराज झाला तर काम किती महिने चालेल?

मोर्चावाल्यांना माझा प्रश्न वेगळा. मागणी मान्य झाली तर दुसऱ्या दिवशी काय? आणि नाही झाली, सहा महिने नाही झाली, तर ज्यांची मजुरी बुडेल त्यांचं घर कसं चालेल, अटक झालेल्याच्या जामिनाला कोण उभं राहील? याचं उत्तर शोधायला बसलात की तुमचे दोन तट एकाच चटईवर येतील, कारण ते उत्तर म्हणजे उभारणीचंच काम आहे.

सगळ्यांनी सगळं करायलाच हवं असं मात्र नाही. ज्याला घोषणा देताना अवघडल्यासारखं होतं त्याला पहिल्या रांगेत ढकलू नका, आणि जिला हिशेबाचा कंटाळा आहे तिला खजिनदार करू नका. निर्णयाची बैठक तेवढी एकच ठेवा. दोन स्वतंत्र समित्या केल्यात तर वर्षाच्या आत दोन संघटना होतील.

तुमचा मुद्दा नेमका कोणता, ते प्रश्नात आलेलं नाही. पाणी, जमीन, शिक्षण, भाडं, जे काही असेल ते आणि निर्णय कोणत्या कार्यालयात अडलाय ते लिहिलंत, तर सुरुवात कुठल्या टोकाने करावी यावर बोलता येईल.