फक्त सत्कर्मांनी तारण मिळतं का?

तुम्ही विचारलंय की जन्मभर कोणाचं वाकडं केलं नाही, भुकेल्याला जेवू घातलं, तरी ख्रिस्ती धर्मात तेवढ्यावर तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळत नाही का? आणि मिळत नसेल तर चांगलं वागायचं तरी कशाला?

तेवढ्यावर मिळत नाही. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या 2ऱ्या अध्यायात प्रेषित पौल स्पष्ट लिहितो की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होतं. ते देवाचं दान आहे, कर्मांचं फळ नाही, म्हणून कोणी आढ्यता बाळगू नये. आपल्या वऱ्हाडातलं सांगायचं तर, सातबाऱ्यावर बँकेचा बोजा असला की शेजाऱ्याच्या वावरात फुकट डवरणी (कोळपणी) केल्याने तो उतरत नाही. डवरणी चांगलंच काम, पण बोजा तसाच राहतो. आमचा बोजा येशूने क्रूसावर उतरवला, ही आमची श्रद्धा. त्याच्या शेजारी क्रूसावर टांगलेल्या गुन्हेगाराला तर एकही सत्कर्म करायला वेळ उरला नव्हता, तरी त्याला सुखलोकाचं वचन मिळालं.

पण एवढ्यावरच थांबून ‘विश्वास ठेवला, झालं’ म्हणणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही. बायबलमधल्याच याकोबाच्या पत्राचा 2रा अध्याय त्यांनी वाचावा: भाऊबहीण उघडे, उपाशी असताना ‘सुखाने जा, ऊब घ्या’ म्हणून काय उपयोग? क्रियांशिवाय विश्वास निर्जीव आहे. माझी आजी अचलपूरकडे कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात काम करायची. बधिर झालेल्या पायात काटा रुतला तरी रोग्याला कळत नाही. म्हणून ती रोज एकेकाचा पाय पाण्यात भिजवायची, जाड कातडी हळूहळू घासायची, तेल लावायची आणि बोटांच्या बेचक्यातसुद्धा जखम शोधायची. ‘लय पुण्य लागन तुले’ असं कोणी म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं: ‘पुण्यासाठी नाई करत मी. मले फुकट भेटलं, म्हणून देतो.’ तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

कॅथलिक लोक कर्मांनी तारण मानतात, असं आमच्या प्रोटेस्टंट मंडळींत सर्रास बोललं जातं. ते चूक आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेनेही 1547 साली कृपेशिवाय, केवळ स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरत नाही असंच म्हटलं होतं. कृपा मिळाल्यावर कर्मांची जागा कोणती, यावर वाद होता आणि थोडा अजून आहे. पण 1999 मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्गला लुथरन (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) आणि कॅथलिकांनी मूळ मुद्द्यावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या.

आता ख्रिस्ती नसलेल्या, पण जन्मभर लोकसेवा केलेल्या गाडगेबाबांसारख्या माणसाचं काय, हे आपल्या भागात कोणीही विचारणारच. ख्रिस्तावर उघड विश्वास हवाच, असं प्रोटेस्टंटांमधल्या अनेक इव्हँजेलिकल मंडळ्या शिकवतात. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची सुवार्ता कळली नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात, त्याच्या कृपेच्या बळावर विवेकबुद्धीप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. मी प्रोटेस्टंट असूनही मला हेच पटतं. ‘भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलं’ असं मत्तयाच्या 25व्या अध्यायात राजा ज्यांना म्हणतो, त्यांना आपण ते कधी केलं हे आठवतही नाही. म्हणून अमका तरला, तमका बुडाला असा निवाडा मी कोणाबद्दलच देत नाही. माझ्या मंडळीतल्या लोकांबद्दलही नाही.