एमएआर कसे ओळखायचे?

प्रश्न : क्रोमॅटिनला (डीएनए आणि प्रथिनांच्या गुंडाळीला) केंद्रकात बांधून ठेवणारे डीएनएचे तुकडे म्हणजे एमएआर (मॅट्रिक्स अटॅचमेंट रीजन), असं पाठ्यपुस्तकात वाचलं. पण त्यांचा अक्षरक्रम कुठेच दिलेला नाही. मग ते कॉम्प्युटरवर शोधायचे कसे? – एम.एस्सी.ची विद्यार्थिनी

उत्तर : दिलेला नाही, कारण सगळ्यांना लागू पडेल असा क्रम नाहीच. डीएनए कापणारं इकोआरवन हे एन्झाइम म्हटलं की जीएएटीटीसी हा ठरलेला क्रम, तसं इथे होत नाही. एमएआर ओळखायचे ते स्वभावावरून. लांबी काहीशे ते काही हजार बेसजोड्या, ए आणि टीची रेलचेल आणि ताण पडला की दोन धागे चटकन सुटणं. नुसती रेलचेलही पुरत नाही बरं का. 1992 मध्ये अँटिबॉडीच्या जनुकाजवळच्या एका एमएआरमधली मोजकी अक्षरं बदलून पाहिली, तर धागे सुटेनात आणि मॅट्रिक्सवरची, म्हणजे केंद्रकातल्या प्रथिनांच्या जाळ्यावरची, पकडही गेली. सॅटबी1 हे प्रथिनही असल्या सुटू पाहणाऱ्या जागाच पकडतं.

खरी गंमत प्रयोगात आहे. 1984 मध्ये लेमली यांच्या गटाने फळमाशीच्या केंद्रकांतले हिस्टोन (डीएनए ज्यांच्यावर गुंडाळलेला असतो ती प्रथिनं) लिथियमच्या एका सौम्य क्षाराने काढले, डीएनए एन्झाइमने कापला आणि सेंट्रिफ्यूजनंतर पेलेटमध्ये, म्हणजे तळाच्या गाळात, काय उरतं ते पाहिलं. हिस्टोन जनुकांच्या प्रत्येक संचात एकच जागा चिकटून होती, एच1 आणि एच3 या हिस्टोनांच्या जनुकांमधली. कॉकरिल आणि गॅरार्ड यांनी 1986 मध्ये उलटं केलं : रिकाम्या मॅट्रिक्सवर बाहेरून तुकडे घातले आणि कोणते चिकटतात ते तपासलं.

हा प्रयोग मी केलाय, म्हणून सांगते. कापणं अर्धवट राहिलं की सुपरनॅटंटमध्ये (वरच्या द्रवात) काही येतच नाही, सगळाच डीएनए चिकटलेला वाटतो. हिस्टोन काढायला लिथियमऐवजी मीठ जास्त वापरलं तर एरवी मोकळे असणारे भागही मॅट्रिक्सवर जाऊन बसू शकतात. जिवंत पेशीत असं मॅट्रिक्सचं जाळं असतं का, यावरच वाद आहे. त्यामुळे सॉफ्टवेअर दाखवेल ती फक्त शक्यता.

आणि लॅड (लॅमिना-असोसिएटेड डोमेन) वेगळे, त्यांची गल्लत नको. केंद्रकाच्या आतल्या अस्तराला, म्हणजे लॅमिनाला, टेकणारे हे प्रचंड पट्टे. 2008 मध्ये मानवी फायब्रोब्लास्टमध्ये असे 1300हून अधिक सापडले, तेही जिवंत पेशीत खुणा करून.

प्रोजेक्टमध्ये एमएआर लिहाल तेव्हा शेजारी पद्धतही लिहा : लिथियम, मीठ की नुसतं सॉफ्टवेअर.