आईला घेऊन जायचे असेल तर प्राग की व्हिएन्ना?

आपला प्रश्न असा आहे की अडुसष्ट वर्षांच्या, शाकाहारी आणि गुडघेदुखी असलेल्या आईला घेऊन चार दिवस एकाच शहरात राहायचे, तर प्राग निवडावे की व्हिएन्ना, आणि मुक्काम कोठे करावा. शेवटी आपण असेही लिहिले आहे की भावाच्या मते हा पैशांचा चुराडा आहे, कारण तेवढ्याच खर्चात सहल कंपनीबरोबर सहा देश होतात आणि आईला संग्रहालयांतले काही कळणारही नाही. मी हे उत्तर मुख्यतः त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहीत आहे.

व्हिएन्ना निवडा. प्राग अतिशय देखणे आहे, परंतु जुन्या शहरात पायाखाली सतत दगडी फरसबंदी आणि किल्ला टेकडीवर, हे दुखऱ्या गुडघ्यांना मानवत नाही. व्हिएन्नाचा मध्यभाग बराचसा सपाट आहे. सम्राट फ्रान्झ योझेफने १८५७ मध्ये शहराभोवतीचा जुना तट पाडण्याचा हुकूम काढला आणि त्या जागी झालेला रिंगस्ट्रास हा रुंद रस्ता १८६५ मध्ये खुला झाला. ऑपेरा, संसद, नगरभवन, विद्यापीठ आणि समोरासमोर उभी असलेली दोन मोठी संग्रहालये त्याच रस्त्याला लागून आहेत, त्यामुळे १, २ आणि डी या ट्राममधून यांतले बहुतेक सगळे बसल्या जागेवरून दिसते. नव्या ट्रामची पायरी जमिनीपासून जेमतेम वीस सेंटिमीटरवर असते, म्हणून चढताना आईला हात देण्याचीही गरज पडत नाही.

आता भावाच्या मुद्द्याकडे येतो, कारण हा वाद आमच्या घरातही वर्षानुवर्षे चालला आहे. मी म्युनिकला राहतो आणि आई सांगलीजवळच्या आमच्या गावी असते. पूर्वी दादाने तिला अशाच एका अनेक देशांच्या सहलीला पाठवले होते. पहाटे उठून बॅग दाराबाहेर ठेवायची, दिवसभर बस, उतरल्यावर ठराविक मिनिटांत फोटो, आणि रात्री पुन्हा नवे हॉटेल. परत आली तेव्हा तिला शहरांची नावे आठवत होती, पण कोठे काय पाहिले ते तिला सांगता येत नव्हते, आणि गुडघे सुजले होते ते वेगळेच. पुढे ती माझ्याकडे आली असताना मी तिला रेल्वेने व्हिएन्नाला नेणार म्हटल्यावर दादा फोनवर म्हणाला, “तिला त्या चित्रांतलं काय कळणार आहे? बर्फ दाखव, फोटो काढ, ती खूश होईल.”

रिंगस्ट्रासवरच्या त्या दोन संग्रहालयांपैकी कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम या कलासंग्रहालयात सोळाव्या शतकातला चित्रकार पीटर ब्रूगेल याच्या चित्रांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह आहे. त्या दालनात बसायला गादीची बाके आहेत आणि आई सुमारे १५६७ सालच्या ‘शेतकऱ्यांचे लग्न’ या चित्रासमोर बसली. मी तिला चित्रकाराविषयी काही सांगण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात तीच बोलू लागली. “हे दार आहे बघ, बिजागरीतून काढलेलं. त्याच्यावर थाळ्या ठेवून दोघं वाढायला आणतायत.” मग टोकाला बसलेला माणूस बसल्या जागेवरून वळून थाळ्या उचलतो आणि पुढे देतो आहे, हे तिने दाखवले. खाली बसलेले, डोक्यावर मोठी टोपी आणि त्यात मोरपीस खोचलेले पोर थाळी बोटाने पुसून खाते आहे, तेही दाखवले. “वाजंत्र्याला अजून कोणी वाढलेलं नाही. त्याची नजर कुठं आहे बघ.” आणि थोड्या वेळाने, “मागं दिसते ती भिंत नाही, रचलेली गंजी आहे. त्यावर पेंढ्या खोचल्यात. सुगी झाल्यावरचं लग्न आहे हे, आणि पंगत धान्याच्या कोठारातच बसवलीय.” पाठीमागे लावलेल्या हिरव्या कापडासमोर हात जुळवून, डोळे मिटल्यासारखी बसलेली नवरी तिने सर्वांत शेवटी पाहिली आणि एवढेच म्हणाली, “हिनं सकाळपासून काही खाल्लेलं नसणार.”

जिने आयुष्यभर लग्नघरांत पंगती वाढल्या, सुगीचे दिवस खळ्यावर काढले, तिला हे चित्र कळण्यासाठी कोणाच्या मदतीची गरज नव्हती. यातले बरेचसे कलेच्या अभ्यासकांनीही लिहून ठेवलेले आहे, पण तिने ते वाचलेले नव्हते, ते तिला दिसले. आम्ही त्या दालनात दुपारपर्यंत होतो. सहलीच्या वेळापत्रकात एका चित्रासाठी अशी सकाळ कधीही मिळाली नसती, आणि एकाच शहरात राहण्याचा खरा फायदा मला हाच वाटतो. संध्याकाळी तिने दादाला फोनवर ते चित्र कोपऱ्याकोपऱ्याने समजावून सांगितले. दादाने सगळे ऐकून घेतले, पण त्याचे मत अजूनही बदललेले नाही.

दुसऱ्या दिवशीही आम्ही फार काही केले नाही. फोल्क्सगार्टन या बागेत गुलाबांच्या रांगा आहेत आणि अनेक झाडांवर कोणी तरी कोणाच्या तरी आठवणीत दिलेल्या नावाच्या पाट्या आहेत. आई प्रत्येक पाटी मला वाचायला लावत होती. सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत, तिकडे वळूच नका; उत्तर मनोऱ्यावर लिफ्ट जाते.

मुक्कामाबद्दल थोडक्यात सांगतो. ट्रामच्या किंवा भुयारी रेल्वेच्या थांब्याजवळ, लिफ्ट असलेले आणि शक्यतो स्वयंपाकघर असलेले घर घ्या. तेथील जुन्या इमारतींत तळमजल्यानंतर होखपार्टेर आणि मेझानिन असे मजले येतात आणि मग ‘पहिला मजला’ लागतो, म्हणून ‘फक्त पहिला मजला, लिफ्ट नाही’ असे लिहिलेले असेल तर तो आपला तिसरा असू शकतो, हे लक्षात ठेवा. जेवणाची चिंता स्वयंपाकघरामुळे निम्मी मिटते. मेतकूट, भाजणी, चिवडा सोबत न्या. तूप आणि पेढे मात्र नेऊ नका, कारण युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणायला प्रवाशांना मनाई आहे. बाहेर सूप मागवताना ते मांसाच्या रश्शात केलेले आहे का, हे प्रत्येक वेळी विचारा. स्वच्छतागृहांसाठी खिशात सुटी नाणी ठेवा आणि आईने विचारण्याआधीच तुम्ही थांबा, कारण आपल्या आया संकोचाने पाणीच कमी पितात.

काही गोष्टी मात्र मान्य करायला हव्यात. आपल्या आईला चित्रांपेक्षा पूल, नदी आणि जुन्या गल्ल्या अधिक आवडत असतील, तर प्रागही जमेल. २२ क्रमांकाची ट्राम किल्ल्याच्या उंचीपर्यंत नेते. डिसेंबरात दोन्ही शहरांत चारच्या सुमारास अंधार पडू लागतो, तेव्हा मे किंवा सप्टेंबर बघा. रविवारी ऑस्ट्रियातील बहुतेक दुकाने बंद असतात, किराणा शनिवारी भरा. दोन्ही शहरांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे बहुतेक युरोपीय देशांच्या सामाईक व्हिसासाठी, ३०,००० युरोंचे विमा संरक्षण लागते आणि अर्ज निघण्यापूर्वी निदान पंधरा दिवस तरी द्यावा लागतो, त्यामुळे भावाची संमती मिळेपर्यंत वाट पाहत बसू नका. त्याला खर्चाचा हिशेब हवा असेल तर अवश्य दाखवा, कारण पैशांचा प्रश्न रास्त आहे. पण ‘आईला काय कळणार’ हा मुद्दा त्याने पुन्हा काढला, तर बोलणे तेथेच थांबवा आणि आईला विचारून तिकिटे काढून टाका.