१२,३४,५६,७८९ : अवयव, वर्ग आणि ‘स्वयंभू’पण

प्रश्न : १ ते ९ अंक ओळीने लिहिले की होणारी १२,३४,५६,७८९ ही संख्या मूळ आहे का? नसल्यास तिचे अवयव कागदावर काढता येतील का? आणि ती गणितज्ञ कापरेकरांची स्वयंभू संख्या आहे का?

उत्तर : मूळ नाही. अंकांची बेरीज ४५, तेव्हा ९ ने भाग जाणारच. हे नऊ अंक कोणत्याही क्रमाने लावा, ३,६२,८८० मांडण्यांत मूळ संख्या एकही सापडणार नाही. ९ ने भागून उरते १,३७,१७,४२१. हिच्या अंकांची बेरीज २६, म्हणजे ३ चे काम इथे संपले. (आठ अंकी कॅल्क्युलेटरवर मूळची संख्या मावत नाही, ही मावते.)

यापुढे ७, ११, १३ असे भाग देत बसलात तर वैतागाल. पहिला भाग जातो तो थेट ३६०७ ने. तोवर पाचशे मूळ संख्या वाया गेलेल्या असतात. इथे फर्माची रीत वापरा : संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडायची, मग त्या वर्गमुळांची वजाबाकी आणि बेरीज हेच अवयव. वर्गमूळ ३७०३ च्या जरा पुढे येते, म्हणून ३७०४ पासून सुरुवात. ३७०४ चा वर्ग १,३७,१९,६१६. त्यातून आपली संख्या वजा केली की २१९५. हा पूर्ण वर्ग नाही, कारण ४६ चा वर्ग २११६ आणि ४७ चा २२०९. आता ३७०५ घ्या. नव्याने वर्ग करू नका; २१९५ मध्ये ३७०४ + ३७०५ = ७४०९ मिळवा. आले ९६०४, म्हणजे ९८ चा वर्ग! म्हणून अवयव ३७०५ – ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३.

इतक्या झटपट निघाले ते दोघांत अंतर फक्त १९६ आहे म्हणून. एक अवयव लहान नि दुसरा प्रचंड असेल तर हीच रीत साध्या भागाकारापेक्षाही रेंगाळते. त्यामुळे लहान अवयव आधी काढून टाकावेत. ३६०७ ला ५९ पर्यंतच्या आणि ३८०३ ला ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी तपासा. दोन्ही मूळ ठरतात.

म्हणजे मूळची संख्या = ३² × ३६०७ × ३८०३. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणले की विभाजक ३ × २ × २ = १२. त्यांची बेरीज (१ + ३ + ९) × (१ + ३६०७) × (१ + ३८०३) = १३ × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६; स्वतः संख्या वगळली तर ५,४९,६६,०२७. ही मूळच्या संख्येहून कमी, म्हणून संख्या न्यून. हर्षद (स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी) हीही नाही : ४५ ने भाग जायला शेवटी ० किंवा ५ हवा.

देवळालीच्या द. रा. कापरेकरांची (१९०५–१९८६) स्वयंभू संख्या म्हणजे जी ‘एखादी संख्या + तिच्या अंकांची बेरीज’ अशी मिळत नाही ती. म्हणजे ती ‘एखादी संख्या’, तिचा जनक, शोधायचा. कोणतीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागले की बाकी सारखीच उरते; आपली संख्या ९ च्या पटीत असल्याने जनकही ९ च्याच पटीत हवा. म्हणून ९, १८, २७... वजा करत ८१ पर्यंतच जायचे (नऊ अंकांची बेरीज त्याहून जास्त होत नाही) आणि उरलेल्या संख्येच्या अंकांची बेरीज वजा केलेल्या आकड्याइतकी येते का ते पाहायचे. पहिल्या तीन वेळी अंकांची बेरीज ३६ येते, जुळत नाही. ३६ वजा केल्यावर १२,३४,५६,७५३, बेरीज ३६. जनक सापडला, संख्या स्वयंभू नाही.

प्रश्न : ९८,७६,५४,३२१ ला १२,३४,५६,७८९ ने भागले तर ८.०००००००७२९ का येते?

उत्तर : आठपट केल्यावर ९८,७६,५४,३१२ येतात, बाकी उरते ९. ९ भागिले १२,३४,५६,७८९ म्हणजेच १ भागिले १,३७,१७,४२१. दशांशातले ते ७२९ तिथून आले.